मुकादम मॅडमची माणसं

रेहाना मुकादमला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जमिनीवर पालथी पडली होती.

तळोज्यातल्या आमच्या केमिकल कारखान्यात माणूस जमिनीवर पडलेला दिसला की मनात एकच शब्द येतो: गॅस. कँटीनच्या मागे भंगार ठेवायची जागा होती, तिथे ती दिसली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात सेफ्टी डिपार्टमेंटचा निळा कोट, आणि तोंड खाली. मी प्रयोगशाळेतून जेवायला निघाले होते. ओढणी नाकाला लावली आणि धावत सुटले. धावताना वारा कुठून येतोय तेही बघायचं सुचलं नाही.

तिने मान न वळवता एक हात वर केला.

"ताई, तिथंच थांबा. तुमची सावली पडतेय."

मी थांबले. तिच्यासमोर पावसाचं साचलेलं, तेलाचा तवंग आलेलं डबकं होतं आणि त्या डबक्याच्या काठाने एक माणूस पळत होता. मास्क लावलेला, हातमोजे घातलेला, एका गमबुटातून पाणी गळणारा. वीतभर उंचीचा. तिच्या हातात जुना कॅमेरा होता, हनुवटी चिखलात टेकलेली होती. फोटो निघाल्यावर ती उठली, कोट झटकला आणि म्हणाली, "मी रेहाना. नवीन सेफ्टी ऑफिसर. तुम्ही वाऱ्याच्या विरुद्ध धावलात. खरी गळती असती तर तुम्ही आत्ता माझ्या शेजारी आडव्या असतात."

आमची ओळख अशी झाली. पहिल्याच भेटीत तिने मला मारून टाकलं होतं.

अ‍ॅक्शन फिगर म्हणतात त्या बाहुल्यांचा तिला नाद होता. बाहुल्या म्हटलेलं तिला आवडायचं नाही. ती 'माणसं' म्हणायची. वडील आखाती देशात नोकरीला होते. ते दर सुट्टीत भावासाठी असले हात-पाय वळणारे योद्धे आणायचे. भाऊ ते मोडायचा आणि मोडलेले हिच्या वाट्याला यायचे. कुणाचा हात नाही, कुणाची मान ढिली. जोडता जोडता तिला हे वेड लागलं. मोठी झाल्यावर ती जुन्या, तुटक्या फिगर कुठून कुठून मिळवायची. उकळत्या पाण्यात धरून त्यांचे सांधे मऊ करायची, ब्लेडने कापायची, नळ दुरुस्तीवाले वापरतात ती दोन रंगांची पुट्टी मळून नवे स्नायू, कपड्यांच्या नव्या घड्या चढवायची. टूथपेस्टच्या टोपणाचा गॅस मास्क, औषधाच्या गोळ्यांच्या पारदर्शक पाकिटाचा गॉगल, वायरच्या सालीचा होजपाइप. रंग दिल्यावर ती त्यावर पातळ काळपट पाणी फिरवून पुसून घ्यायची. मग कपडे नुसते रंगवलेले न वाटता वापरलेले वाटायचे. कॉलर मळकी, गुडघे विटलेले.

"नवीन कपड्यातल्या माणसावर कोण विश्वास ठेवतं, ताई?" ती म्हणायची.

पनवेलच्या मोहल्ल्यात जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर ती आणि तिची अम्मी राहायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर तिची माणसं रांगेने उभी होती आणि एकाचाही चेहरा दिसत नव्हता. प्रत्येकाला मास्क, नाहीतर तोंडावर फडकं, नाहीतर वेल्डिंगची ढाल. मला वाटलं, सेफ्टीवाली म्हणून असेल. अम्मीने चहा देताना उलगडा केला.

"मीच सांगितलंय. बाय, हात कर, पाय कर, चेहरे नको करूस. तेवढं अल्लाचं काम अल्लाकडे राहू दे."

रेहाना त्यावर वाद घालत नसे. मी एकदा विचारलं, चेहऱ्याशिवाय अडत नाही का? तिने टेबलावरची एक फिगर उचलली, खांदे किंचित पुढे वळवले, मान वाकवली. माणूस दमला. मग कोपर जरा मागे घेतलं, बोटं उघडली. माणूस घाबरला. मास्क तोच.

"चेहरा खोटं बोलू शकतो. खांद्याला नाही जमत," ती म्हणाली.

ती कारखान्यात माणसं बघत फिरायची. कोण कसा उभा राहतो, जिना उतरताना कोण कठड्याला हात लावतो, ड्रम ढकलताना कुणाची कंबर आधी वळते. शिफ्ट सुटताना गेटवर ती उभी असे आणि तिची बोटं कोटाच्या खिशात हलत असत, जणू आत कुणाचे तरी सांधे वळवून बघतेय.

तिच्या आधीचे सेफ्टीचे क्लास म्हणजे एसीत झोप काढायची सोय होती. हिने पडद्यावर आपल्या 'माणसां'चे फोटो लावायला सुरुवात केली आणि झोपा उडाल्या. ड्रमवर ड्रम चढवणारे दोघे. बेल्ट न लावता टाकीवर चढलेला एक. अम्मीच्या लोबानदाणीतला धूर, टॉर्चपुढे धरलेला पिवळा जिलेटिन कागद, मागे आमच्याच प्लांटच्या पाइपांची छोटी नक्कल. एकदा एक फोटो लागला आणि मागच्या बाकावरून रिअ‍ॅक्टरवरचा ऑपरेटर रोहिदास म्हात्रे ओरडला, "मॅडम, यो मीच हाय ना?"

फोटोतल्या माणसाचा डावा खांदा उतरलेला होता. लहानपणी मिठाच्या पाट्या वाहून रोहिदासचा खांदा तसा झाला होता. सगळा वर्ग हसला. रोहिदास इतका खूश झाला की जेवणाच्या सुट्टीत तो त्या वीतभर रोहिदासला तळहातावर उभा करून सगळ्यांना दाखवत फिरला. "बग, चालतो पन माज्यासारका."

रिअ‍ॅक्टरच्या शेडला मागच्या बाजूने एक दार होतं. नकाशात त्यावर हिरव्या रंगात 'संकटकालीन मार्ग' असं लिहिलेलं होतं, आणि दारावर कुलूप होतं. तिथून तांब्याची केबल चोरीला गेली होती, तेव्हापासूनचं. किल्ली सिक्युरिटीच्या केबिनमध्ये, म्हणजे शेडच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. रेहानाने सांगून पाहिलं. मीटिंगमध्ये मांडलं, ईमेल केले, मोठ्या साहेबांना हाताला धरावं तसं तिथवर नेऊन दाखवलं. साहेब वाईट माणूस नव्हते. "बघतो," म्हणायचे आणि बघायचं राहून जायचं.

मग तिने तो फोटो केला.

तिने तो मला आधी दाखवला होता. पिवळसर धुक्यात एक पत्र्याचं दार. दाराशी माणसांचा ढीग. काही आडवी, काही अजून उठायच्या धडपडीत. सगळ्यात पुढे एकजण गुडघ्यांवर कोसळलेला, हात कुलपावर. बोटं अजून कुलूप धरून होती आणि डावा खांदा उतरलेला होता.

"हा रोहिदास आहे," मी म्हणाले.

"त्याच्या शिफ्टला त्या दाराकडे पहिला तोच पळेल. त्याची जागा तिथून सगळ्यात जवळ."

"त्याला विचारलंस?"

ती कॅमेऱ्याची काच पुसत राहिली. विचारलं नव्हतं. त्याचे गुडघे तसे वळेनात, म्हणून तिने सांधे कापून, पुट्टीने त्याच कोनात पक्के बसवले होते. तो आता उभा राहू शकत नव्हता.

क्लासमध्ये फोटो लागला तेव्हा कुणी हसलं नाही. रोहिदास त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला होता, त्यामुळे त्याने तो पाहिला नाही. क्लास प्लांटबाहेर, ऑफिसात होता, तिथे फोन चालत; कुणीतरी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला. पडद्याच्या कडा कापल्या गेल्या, चित्र जरा धूसर झालं, आणि त्या धूसरपणामुळे ते अजूनच खरं दिसायला लागलं. कुठल्या तरी ग्रुपवर त्याखाली ओळ जोडली गेली: तळोज्यात गॅस गळती, कामगार अडकले.

दुपारी आम्ही प्रयोगशाळेत होतो. आधी गेटच्या बाजूने हॉर्न ऐकू आले, मग आरडाओरडा. आमच्या प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाहीत, ठिणगी चालत नाही म्हणून. सगळ्यांचे फोन लॉकरमध्ये. घरच्यांनी फोन केले, वाजत राहिले, कुणी उचलेना. त्यांना आणखी कुठला पुरावा हवा होता?

मी गेटवर पोहोचले तेव्हा बाहेर गर्दी मावत नव्हती. बायका, म्हातारे, कामावरून तसेच आलेले भाऊ. सिक्युरिटीवाल्यांनी घाबरून मोठं गेट बंद केलं आणि बंद गेट पाहून लोक आणखी पेटले. सगळ्यात पुढे एक बाई गजांना धरून गेट हलवत होती. पायात चप्पल नव्हती, पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. शेतातून उठून कुणा अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर बसून ती आली होती. रोहिदासची बायको, सुगंधा.

"दार उघडा! मी वलकलंय त्याला! खांद्यावरनं वलकलंय!"

रेहाना माझ्या बाजूने पुढे गेली. सुगंधाच्या हातातल्या मोबाइलवर तिला आपण केलेला तो फोटो दिसला असावा. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचा रंग उडाला होता.

"गेट उघडा," ती सिक्युरिटीला म्हणाली. कुणी उघडेना. तिने वॉचमनचं स्टूल ओढलं आणि त्यावर चढली.

"ऐका! हा फोटो मी काढलाय. कुठंही गळती नाही. ही माणसं प्लास्टिकची आहेत, एवढी एवढी आहेत!" तिने हाताने वीत दाखवली.

तिचं म्हणणं कुणाला पटणार? 'झाकतायत, झाकतायत' असा गलका झाला. एक दगड आला आणि केबिनची काच फुटली. रेहाना खाली उतरली नाही. तिथूनच ओरडली, "रोहिदासला बाहेर बोलवा. इंटरकॉम करा."

पण रोहिदास रिअ‍ॅक्टरवर होता आणि टाकीत रसायनं सोडणं अर्ध्यावर आलेलं होतं. तशा वेळी ऑपरेटर जागा सोडू शकत नाही. सोडली तर फोटोतलं खरं होईल. हा नियम रेहानानेच सगळ्यांकडून घोकून घेतला होता. सुपरवायझरचा निरोप आला: थोडा वेळ लागेल. हे गेटबाहेरच्यांना कोण सांगणार? सांगितलं असतं तरी कोण ऐकणार? पुढची माणसं मागच्यांच्या रेट्याने गजांवर दाबली जात होती. सुगंधाचा गाल गजाला टेकला होता. ती आता ओरडत नव्हती, नुसती आत बघत होती. रेहाना स्टुलावर उभी राहून तिच्याकडे बघत होती. मला त्या दोघींकडे बघवेना.

शेवटी रोहिदास आला. गळ्यात मास्क लोंबतोय, अंगात रबरी एप्रन, डावा खांदा उतरलेला. काय चाललंय त्याला काही कळत नव्हतं. गेट फटीएवढं उघडलं, सुगंधा आत शिरली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला लागली. "फोन का नाय उचललास? का नाय उचललास?" मग ती तिथेच डांबरावर बसली.

गर्दीतून उसासा उठला. संपलं असं वाटलं. माझेही खांदे सैल पडले. इतक्यात एक म्हातारा पुढे आला. हातात मोबाइल, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. कुणा कामगाराचा बाप असावा.

"पोरी," तो रेहानाला म्हणाला, "मानसं खोटी. मंजूर. पन ह्यो दार खरा हाय का?"

मोठे साहेब तोवर गेटपाशी येऊन उभे होते. रेहानाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान अगदी जराशी हलवली. नको, अशी. तिच्या जागी कुणीही असतं तरी त्या क्षणी 'नाही' म्हणून मोकळं झालं असतं. लोक घरी गेले असते, तिची चूक विसरली गेली असती, नोकरी राहिली असती.

"दार खरं आहे," रेहाना म्हणाली. "कुलूपही खरं आहे."

ते कुलूप त्याच संध्याकाळी, गेटवरच्या लोकांच्या देखत तोडलं गेलं. पुढे तिथे आतून ढकललं की उघडणारं आणि उघडलं की भोंगा वाजणारं दार बसलं. आजही ते तिथे आहे.

रेहाना मात्र राहिली नाही. केबिनमध्ये तिला बोलावलं तेव्हा सही करायला मीही आत होते. फोटो मी आधी पाहिला होता म्हणून माझाही जबाब घेतला गेला. साहेब आवाज न चढवता बोलत होते. फोटो बाहेर कुणी नेला ते नाव द्या, आणि एक ओळ लिहून द्या, दाराचं चित्र कल्पनेतलं होतं म्हणून. मग आपण सांभाळून घेऊ.

"माणसं कल्पनेतली होती. तेवढं लिहून देते," ती म्हणाली. नाव तिला माहीत होतं, फोटो पाठवणाऱ्या मुलाने तिच्यापुढे रडून कबूल केलं होतं. ते तिने दिलं नाही. तिला घरी पाठवलं गेलं, आणि काही दिवसांनी तिनेच राजीनामा पाठवला.

नोकरीचं तिला फार लागलं नाही, किंवा तिने तसं दाखवलं नाही. तिला लागलं ते दुसरंच. एका रविवारी ती मला म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर चला. एकटीने जायची हिंमत नाही."

रोहिदासचं घर गावाच्या टोकाला, शेताला लागून. सुगंधा ओट्यावर तांदूळ पाखडत होती. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही. रेहाना उभ्यानेच बोलली. चूक झाली, विचारायला हवं होतं, माफ करा. सुगंधा सूप हलवत राहिली. तांदळाचा आवाज थांबल्यावर म्हणाली,

"तुमचं दाराचं बरोबर हाय. सगली सांगतात. कुलूप निघाला, बरं झालं. पन माजा नवरा कशाला पाडलात तिथं? तुमचा कोन नवता का?"

उन्हात उभी असूनही ती थंडी वाजल्यासारखी हात पोटाशी धरून होती.

"मला आजून तसाच दिसतो. जेवाया बसला की दिसतो. झोपला की दिसतो." सुगंधाने सूप खाली ठेवलं. "तुमीच पाडलाव ना? मंग तुमीच उबा करा त्याला."

त्यानंतर मी मोहल्ल्यातल्या त्या घरी बऱ्याचदा गेले. खिडकीशी बसून रेहाना त्या वीतभर रोहिदासशी झटत होती. तिनेच पक्के केलेले गुडघे आता तिलाच मोडायचे होते. पुट्टी दगडासारखी झाली होती. गरम पाण्यात धरलं तर आजूबाजूचं प्लास्टिक मऊ पडायचं, पुट्टी तशीच. एक दिवस ब्लेड निसटलं, मांडी चिरत गेलं आणि पाय सुटून फरशीवर पडला. ती त्या पायाकडे बघत बसली. अम्मी आतून आली, तिने तो उचलला, पदराने पुसला आणि टेबलावर ठेवून परत गेली. रेहानाने दुसऱ्या एका फिगरचा पाय कापून घेतला, तासला, जोडला. मग कंबर जुळेना. कंबर जुळली तर तोल जाई. जरा हात सोडला की तो पुढे कोसळायचा, अगदी फोटोतल्यासारखा, आणि दर वेळी ती डोळे मिटून घ्यायची.

शेवटी तो उभा राहिला. पण रेहाना म्हणाली, उभं असणं पुरत नाही.

ती त्याला सुगंधाच्या शेतावर घेऊन गेली. मी आणि रोहिदास बांधावर उभे होतो, सुगंधा जरा लांब, पाठ वळवून. रेहाना चिखलात आडवी झाली. फिगरच्या हातात तिने करंगळीच्या नखाएवढा जेवणाचा डबा दिला होता. सुगंधाने तिरकं पाहिलं आणि तिथूनच म्हणाली, "घरी येताना मास्क कशाला?"

रेहाना थबकली. मास्कखाली चेहरा नव्हता, आणि ती तो करणारही नव्हती. मग तिने मास्क काढून त्याच्या दुसऱ्या हातात दिला, आणि स्वतः सरपटत त्याच्या मागे गेली. फोटो पाठमोरा निघाला. अरुंद बांध, दोन्हीकडे भात, दूर धूसर झालेलं कौलारू घर, आणि एक माणूस चालत निघालाय, एक खांदा उतरलेला.

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सुगंधाने तो पाहिला. पदराने डोळे नाही, पडदा पुसला. पुन्हा पाहिला.

"हलू चालतो," ती म्हणाली. "पन येतोय."

मग तिने आम्हाला घरी नेलं आणि जेवायला घातलं. ती आणि रेहाना फारसं बोलल्या नाहीत. निघताना फिगर सुगंधाने मागितली नाही, रेहानानेच ओट्यावर ठेवली.

पुढे रेहानाला गुजरातेतल्या एका कारखान्यात काम मिळालं. अम्मीला घेऊन ती जायची होती. त्या सकाळी मी आणि रोहिदास सामान उतरवायला गेलो. मोहल्ल्यातला तो जिना मुळात अरुंद. त्यात खालच्या दुकानदाराने जिन्याच्या तोंडाशी खोक्यांची चळत लावलेली आणि शिवाय स्कूटर आडवी घातलेली. सामानाचा एकेक डाग डोक्यावरून काढत, भिंतीला घासत आम्ही टेम्पो भरला. अम्मी पुढे बसली. टेम्पोवाल्याला घाई होती, त्याने गाडी चालू केली.

रेहाना चढली नाही. ती परत मागे गेली आणि दुकानदारासमोर उभी राहिली.

"हे हलवा."

"बाजी," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो म्हणाला, "आता तर जाताय ना तुम्ही? मग कशाला?"

"मी जातेय. वरचे राहतायत."

दुकानदार हसला, माझ्याकडे बघून खांदे उडवले. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. अम्मीने आतून हाक मारली. रेहाना दुकानाच्या पायरीवर बसली, हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि रस्त्याकडे बघत राहिली, जणू सबंध दिवस तिचाच आहे. हॉर्न वाजत होता, गल्लीत माणसं थांबून बघायला लागली होती. दुकानदार काहीतरी पुटपुटला, मग उठला आणि त्याने स्कूटर काढली. मग खोकी. रोहिदास मदतीला धावला तर तिने त्याला हाताने थांबवलं. शेवटचं खोकं आत गेल्यावर ती उठली, मला मिठी मारली, टेम्पोत चढली आणि दार लावून घेतलं. मागे वळून पाहिलंच नाही.

टेम्पो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा वरच्या मजल्यावरची एक म्हातारी काठी टेकत जिना उतरून आली, आणि कशालाही न अडखळता सरळ रस्त्यावर निघून गेली.